कमळाबाय डोंगर चढली

भिवंडीजवळच्या राहनाळच्या कमळाबायने त्या सकाळी सुनेचे स्पोर्ट्स शूज पायात चढवले, लुगड्याचा काष्टा आवळला आणि अंगणात चार उड्या मारून बघितल्या. सून करिष्मा दारात पोट धरून हसत होती. मुलगा भाविक गाडीची चावी हातात फिरवत म्हणाला, "आई, अजून विचार कर. तुझे गुडघे ऐकतील का?"

"गुडघ्यांना सांगून झालंय माजं. तू गाडी काढ."

साठीला टेकलेली बाई, पण अंगात रग होती. तरणेपणी डोक्यावर भाताचा भारा घेऊन ती बांधावरून पळत सुटायची. मग वावरात गोदामं उभी राहिली आणि तिचे हातपाय रिकामे झाले. सकाळी चहा, दुपारी सिरियल, संध्याकाळी देवळापर्यंत एक फेरी. बस.

त्यात आठवडाभरापूर्वी भिवंडीच्या बाजारात करांद्यांचे उकडलेले कंद विकायला बसलेली एक बाई तिला दिसली. कमळाबाय दोन पावलं पुढे गेली, परत आली.

"भागे? तूच का गं?"

भागी खारबावच्या पुढं, तुंगारेश्वरच्या डोंगराखाली पाड्यावर राहणारी वारली बाई. पूर्वी दर पावसाळ्यात ती लावणीला कमळाबायच्या शेतावर यायची. दोघी एका रांगेत वाकून गप्पा मारत दिवस काढायच्या. पुढं तिचं येणं बंद पडलं.

"येईनाशी का झालीस?" कमळाबायने विचारलं.

"कुठं येऊ बाय? तुमच्या वावरात आता कोबा. कोब्यावर काय भाताचं आवण लावू?" भागी हसली. "आता तूच ये की माज्याकडं. डोंगरावर नेते तुला. वरून समिंदर दिसतो."

इतकी वर्षं ही बाई आपल्या ओटीवर जेवली, आणि आपण हिचं घर कुठल्या तोंडाला आहे तेसुद्धा बघितलं नाही. "येते," कमळाबाय म्हणाली.

त्या सकाळी गाडी पाड्यावर पोचली तेव्हा भागी वाटच बघत होती. कोयता कमरेला, पाण्याची बाटली हातात, पाय अनवाणी. भाविकला तिने चहा पाजून वाटेला लावलं आणि दोघी निघाल्या.

सुरुवातीला सागाचं रान. वाळक्या पानांचा पापडासारखा चुरा होत होता. कमळाबाय पुढं पुढं धावत होती, हे कसलं झाड, ते कसलं घरटं, विचारून भागीला भंडावून सोडत होती. मग चढ लागला. पायाखालचा मुरूम सरकला आणि कमळाबाय फतकल मारून बसली ती बसल्या बसल्याच चार हात खाली आली. भागी धावली. बघते तर ही हसतेय. मग भागीलाही हसू आवरेना. शेजारच्या झाडावरचं माकड दचकून पळालं.

खरी फजिती झाली ती वर. डोंगराची चिंचोळी धार, दोन्हीकडे कडा, आणि वारा असा की पदर अंगावर राहीना. कमळाबाय मटकन खाली बसली.

"भागे, मी काय येत न्हाय. तू जाऊन बघून ये, मला सांग."

"अगं, बांधावरून भारा घेऊन पळायचीस ना? ह्यो बी बांधच."

"बांधावरून पडले तर चिखलात पडायची. हितून कुठं पडू?"

"पडायचंच कशाला?" भागी माघारी आली, तिच्यासमोर उकिडवी बसली. "माज्या लुगड्याचा काष्टा धर. उभी राहू नको. रांगत ये."

कमळाबायने होते नव्हते तेवढे सगळे देव आठवले, डोळे बारीक केले आणि भागीचा काष्टा धरून तान्ह्या पोरासारखी रांगत ती धार ओलांडली. पलीकडे सपाटी लागली तशी उठली आणि तिने समोर पाहिलं.

"अगं आई गं!"

खाली वसईची खाडी उन्हात लखलखत होती. तिच्या पुढं हिरवी रानं, दाटीवाटीच्या इमारती आणि त्याही पलीकडे, आभाळाला चिकटलेला, रुंदच्या रुंद समुद्र. कमळाबायचा जन्म खाडीकाठी गेलेला. समुद्रही तिने किनाऱ्यावर उभं राहून पाहिला होता. पण खाडी त्याला मिळते कशी, ते एका नजरेत आज दिसलं. ती गोल गोल फिरत राहिली. "ती बघ होडी! तो बघ पूल! आणि ती आपली भिवंडी गं, ते गोदामांचे निळे पत्रे!"

तिने भाविकला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, बघ, सगळं दिसतंय!"

"आई, मला तुझा कान दिसतोय," भाविक म्हणाला.

खाली उतरल्यावर भागीच्या ओटीवर दोघी जेवल्या. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. कमळाबायने दोनदा मागून घेतलं. ओटीसमोर भागीची कापणी झालेली खाचरं होती. ती बघत तिने विचारलं, "लावणीला कोण असतं गं?"

"मी आन् सून. माणूस मिळत न्हाय."

"मी येईन."

भागीला ती थट्टा वाटली. पण जुलैत पाऊस धरल्यावर कमळाबाय खरंच रिक्षातून उतरली, गुडघाभर चिखलात शिरली आणि पहिल्या तासातच कंबर धरून बसली. भागीने तिला चिडवून बेजार केलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिचा हात असा बसला की भागीची सून मागं पडली.

आता राहनाळच्या बायका देवळात भेटल्या की तिला विचारतात, पुढं कुठं? कमळाबायचं ठरलेलं आहे. महाशिवरात्रीला डोंगर ओलांडून, रानातून चालत पलीकडे तुंगारेश्वराच्या देवळात उतरायचं. करिष्माही येणार आहे. कमळाबायने तिला आतापासून रोज पहाटे उठवायला सुरुवात केली आहे.

"आई, अजून दोन महिने हायेत," करिष्मा पांघरुणातून म्हणते.

"म्हणूनच सांगते. ऊठ!"