जाऊ भाजली तेव्हा

कढई उलटली आणि उकळतं तेल माझ्या धाकट्या जावेच्या पोटावर, मांड्यांवर सांडलं. आम्ही दोघी केळ्याचे वेफर तळत होतो. माझ्या पायावरही तेल उडालं. माझा मुलगा धावत आला, मला ओलांडून गेला आणि "काकी, काकी" करत तिच्यापाशी बसला. पोटचा पोरगा माझा. पण लहानपणी झोपायचा तिच्या कुशीत. तिला मूल नव्हतं, मला शेतातून सवड नव्हती. तेव्हापासून मला ते खुपतं.

भाजल्यावर आमच्याकडे केळीच्या खोडाचं पाणी लावतात. परसातलं खोड कापून ते पाणी मी तिच्यावर ओतलं, उरलेलं माझ्या पायाला लावलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे चिकट काय आहे?"

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, काय टाकलंस तू?"

"सगळे लावतात तेच."

"नळाचं पाणी नव्हतं का?"

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, धाप लागली. मला वाटलं, खोडच नडलं. बाई म्हणाल्या, जंतू अजून सापडले नाहीत. एवढं भाजलं की रक्तातल्या राखणदार पेशीच खवळतात. भाजल्या जागी न थांबता सगळ्या अंगात दाह करतात, फुप्फुसांनाही सूज आणतात. पुढे त्याच थकतात. मग बारीकसा जंतूही माणसाला नेतो, आणि तो खोडाच्या पाण्यातूनही आलेला असू शकतो.

म्हणजे मी सुटले नव्हते. ती मेली असती तर मुलगा जन्मभर तिचाच राहिला असता. म्हणून ती जगायला हवी होती. माया वगैरे मी सांगणार नाही.

आत एकालाच सोडत. मुलगाच जायचा, झगा आणि मास्क घालून. तो तिला चमच्याने पाणी पाजायचा, मी काचेतून बघायची. मला त्याने असं कधी पाजलेलं नाही.

पुढे जखमेत पू झालाच. औषधं बदलली. पाठीची कातडी काढून पोटावर लावली. ताप उतरल्यावर तिने मला आत बोलावलं.

"ताई, तुमच्या पायाला कोणी औषध लावलं का?"

"मरता मरता वाचलीस, माझा पाय काय विचारतेस?"

"तुमचा लाडका तर मलाच पाजून ऱ्हायला. तुम्हाला कोण बघणार?"

इतक्या दिवसांत पायाचं विचारणारी तीच निघाली. त्याचाही मला राग आला.

दिवाळीच्या आधी मुलाने तिला घरी आणलं. जाऊ जगली.