व्हॉल्व्हवरचा खडू

दुसरीनं खडूनं लिहिलेलं मी एकदा पदरानं पुसलं होतं. माणूस किती मूर्ख असतो ते नातींना दाखवायचं झालं, की मी स्वतःकडेच बोट करते.

चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअरला होते. कंट्रोल व्हॉल्व्ह दुरुस्त होऊन, रंगून आले की कोणता कशाचा, किती प्रेशरचा हे त्यांच्यावर खडूनं लिहिणं माझं काम. माझं अक्षर सुंदर आणि घमेंड त्याहून सुंदर. मग सिंदेवाहीकडची एक मुलगी आयटीआय करून आली. हातोडीनं टकटक करून ती सांगायची, खणखणला तो पोलादी, वाफेच्या लाइनला. बद्द वाजला तो बिडाचा, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचा, साध्या पाण्यापुरता. इतकी वर्षं मला विचारणारा फोरमन आता माझ्या टेबलावरून सरळ तिच्याकडे जायचा. चहाही तिकडेच. तिची वेणी, तिचा डबा, तिची सायकलसुद्धा मला खुपायची.

एकदा दोन ग्लोब व्हॉल्व्ह आले, एकाच मापाचे, एकाच करड्या रंगाचे. तिनं वाजवले, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं आणि जेवायला गेली. मी दोन्हींवरचं पुसलं, ठसठशीत लिहायला खडू उचलला, आणि कोणता कुठला तेच आठवेना. तिला विचारायचं? जीव गेला तरी नाही. जड लागला त्यावर वाफेचं प्रेशर लिहून टाकलं. बीड जाड ओततात म्हणून जड भरतं, हे माझ्यासारख्या शहाणीला कुठून कळणार!

लाइनवर चढवण्याआधी व्हॉल्व्हमध्ये पाणी भरून, लिहिलेल्या प्रेशरच्या दीडपट दाब द्यायचे. शाबासकीसाठी मी अगदी पुढे उभी. काटा चढत गेला, खट्ट झालं, बीड तडकलं आणि पिचकारी थेट माझ्या इस्त्रीच्या साडीवर. फोरमन त्या सुंदर अक्षराकडे बघत राहिला. वाफेवर तडकला असता तर, एवढंच म्हणाला तो.

मी रॅकमागे जाऊन रडले. ती टॉवेल घेऊन आली. आता टोमणा मारणार, म्हणून मी मान वर केली नाही.

"बाई, तुमच्यासारखं अक्षर याव म्हून मी घरी रोज गिरवून राह्यलो, पण येतच नाई. आता मी वाजवतो, तुमी लिवा. अन् पुसाचं असन, त मले इचारून पुसा."