दोन हिसके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आठ वर्षं झाली. इथे कुणी मला ओळखत नाही म्हणून लिहितोय, आणि खरं सांगायचं तर आता गप्प बसून दमलोय.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी पंप मिस्त्री. मोटार बंद पडली तर एकतर वायंडिंग जळलेलं असतं नाहीतर बेअरिंग गेलेलं असतं... तिसरं कारण मी कधी मानलं नाही. अंगात येणाऱ्या बाईच्या विहिरीवरची मोटारसुद्धा मी भर अमावस्येला काढली आहे. तेव्हा हे सगळं त्या नजरेने वाचा.

मी मूळचा उमापूरचा, दुकान गेवराईत. सदाशिव आमच्याच भागातला, मासेमारी करणाऱ्या घरातला. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते विहिरीत बुडी मारण्यात. कुणाची सबमर्सिबल दोर तुटून विहिरीत पडली की लोक मला फोन करायचे आणि मी सदाशिवला. तो कंबरेला दोर बांधून खाली जायचा, मोटारीला गाठ मारायचा. वर दोर धरून मी. आमची खूण ठरलेली – एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन हिसके म्हणजे वर ओढ. आणि एक नियम, जो त्यानेच मला पहिल्या दिवशी सांगितला होता, "मिस्त्री, आभाळ कोसळू द्या, मी वर येस्तोवर दोर सोडून हलायचं न्हाई." अकरा वर्षांत मी एकदाही हललो नाही.

आता माशांचं. दुकान टाकायच्या आधी चार वर्षं मी कोकणात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचो. तिथले मालक हौशी. किनाऱ्यापासून बरंच आत एक मालवाहू जहाज बुडालेलं होतं, त्याच्या वर बोट थांबवून ते जिग टाकायचे. जिग म्हणजे माशासारखा चमकणारा शिशाचा लांबट तुकडा, त्याला हूक. तो सरळ तळाला सोडायचा आणि गळाची काठी झटक्याने वर मारत राहायची. बुडालेल्या जहाजात मोठे मासे घर करून असतात. गोबरा लागला की माणूस बोटीच्या कडेवर आपटतो, हात खांद्यातून निखळतोय असं वाटतं. मला त्याचं वेडच लागलं. गावी परतताना मालकांनी मला एक काठी, रीळ आणि तीन जिग दिले.

आमच्याकडे समुद्र कुठला! पण धरण आहे, आणि धरणात जुनं गाव आहे. भिंती, चौथरे, बाभळी, सगळं पाण्याखाली. मी म्हटलं, हेच आपलं बुडालेलं जहाज. सदाशिवला पटलं नाही. त्यांच्यात जुन्या गावावर जाळं टाकत नाहीत आणि चुकून काही अडकलं तर ओढाताण करत नाहीत, लगेच कापतात. पण दोस्तीखातर यायचा. पहिल्याच खेपेला मांडीएवढा शिवडा मासा निघाला तेव्हा तोही लहान मुलासारखा नाचला होता.

त्या दिवशी उन्हाळा होता. सकाळी आठनंतर धरणावर कुणी नसतं, जाळी पहाटेच उचलून सगळे घरी गेलेले असतात. घरी त्याने सांगितलं होतं, मिस्त्रीसोबत मोटार काढायला चाललोय. आम्ही थर्माकोलच्या तराफ्यावर दोघंच. पाण्याबाहेर शेंडा काढलेल्या एका बाभळीला तराफा बांधला. दोन जिग आधीच्या खेपांना गेले होते, हा शेवटचा. साडेदहाच्या सुमाराला तो तळाला अडकला.

सदाशिव म्हणाला, "तोडा. गावाचं गावाला राहू द्या."

मी म्हटलं, "शेवटचाय बे. इथं कुठं मिळतो?"

"मग कोकणात जा आणायला. मी काय करू?"

"काय करू म्हंजे? साठ फूट विहिरीतून मोटारी काढणारा माणूस तू. इथं चाळीस फूट पन न्हाई. भ्यालास व्हय?"

तो हसला. "भ्यायचं कावून? पर इथं न्हाई जाऊ, मिस्त्री."

आणि मी ते वाक्य बोललो. म्हणालो, "दारू सुटली अन् दमबी सुटला वाटतं तुझा."

वर्षभरापूर्वी त्याने दारू सोडली होती. आपल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. तेव्हा ती सहा वर्षांची होती. सोडल्यापासून थेंब शिवला नव्हता, हे मला माहीत होतं, गावालाही माहीत होतं. माझ्या बोलण्यावर त्याने सदरा काढून घडी घालून ठेवला. जिगची दोरी एका हाताने धरली आणि एवढंच म्हणाला, "खूण तीच. धरा."

मी काठी बाजूला ठेवून दोरी हातात घेतली. विणलेली दोरी, बारीक पण माणसाचं वजन पेलणारी. तो गेला.

मिनिटभर काही नाही. मग एक हिसका. मी सैल सोडली. मग बराच वेळ काही नाही. दोन मिनिटं झाली असतील, नाहीतर तीन. हाका मारल्या. पाणी गढूळ, चार हातांपलीकडे दिसत नाही. मला पोहता येतं. मी उडी मारली नाही. भीती वाटली... याला दुसरा शब्द नाही.

आणि तेवढ्यात दोन हिसके आले.

मी ओढलं. दोरी जड लागली, माणूस वर येतो तशी. तीन-चार हात वर आली. मग थांबली आणि हळूच तेवढीच परत खाली गेली. थोड्या वेळाने पुन्हा दोन हिसके. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

तुम्ही म्हणाल, पाच मिनिटांत कळायला हवं होतं. कळलंच होतं. पाण्याखाली तेवढा वेळ कुणी जगत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण हातात दोन हिसके येत होते हो. दोर धरणाऱ्याने हलायचं नसतं. बोटं कापली, दोरी लाल झाली, मी ओढत राहिलो. एक वाजता बायकोचा फोन आला.

"जेवायला येताव का न्हाई?"

मी म्हणालो, "थांब, सदाशिव खाली हाय." आणि ठेवला. तिला वाटलं आम्ही विहिरीवर आहोत.

दोनच्या पुढे दुसरा फोन आला, सदाशिवच्या चुलतभावाचा. रडत होता. "मिस्त्री, सदा गेला. जॅकवेलच्या पायऱ्यांवर घावला. अकरालाच पंपवाल्यानं पाह्यलं म्हनं, आमाला आत्ता कळवलं."

मी म्हटलं, "कोण सदा?"

"आपला सदा, मिस्त्री! काय बोलताव!"

जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायचा पंप असतो ती जागा, मी होतो तिथून पाण्यावरून दीड-दोन किलोमीटर. धरणाची दारं बंद, पाण्याला ओढ अशी नव्हतीच. बुडालेला माणूस तासाभरात वर येत नाही, हे मासेमारी करणाऱ्यांनीच मला नंतर सांगितलं. पंपवाल्याने मोबाईलवर फोटो काढला होता. त्यावर वेळ अकरा वीस.

फोन माझ्या कानाला होता, चुलतभाऊ बोलत होता, आणि दुसऱ्या हातात दोरीला दोन हिसके आले. स्पष्ट. घाई नसलेले. नेहमीसारखे.

मी खिशातली पकड काढली आणि दोरी कापली.

तराफा कसा वल्हवला, आठवत नाही. त्याचा घडी घातलेला सदरा मी वाटेत पाण्यात टाकला, हे मात्र आठवतं. जॅकवेलवर पोहोचलो तेव्हा पोलीस पंचनामा करत होते. सुमनवहिनी, त्याची बायको, मला बघून उठली. "भाऊजी, तुमच्याकडं आलते ना सकाळी? मोटार काढायला गेलते ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हातांना रुमाल गुंडाळलेला होता. मी म्हणालो, "आला होता. तोंडाला वास येत होता, वहिनी. मी परत पाठवला."

एवढंच. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. एक वाजताच्या त्या फोनबद्दल माझ्या बायकोनेही आजवर नाही. वहिनीनेही नाही. ती तिथेच खाली बसली आणि मुलीला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तपासणीत काय निघालं ते कुणी वाचायला गेलं नाही. बुडून मेला, पिऊन गेला असणार, विषय संपला.

मी याची कारणं शोधली नाहीत असं नाही. एखादा मोठा मासा जिगला लागला असेल, पण मासा दोन हिसके देऊन थांबत नाही. बाभळ हलून दोरी ताणली जात असेल, पण त्या दिवशी वारा नव्हता. माझेच हात थरथरत असतील, असंही मानून पाहिलं. पण दोरीचं ते वजन? आणि दीड-दोन किलोमीटर? दोन वर्षांनी दुष्काळात तिथलं पाणी आटलं, तेव्हा मी एकटा चालत गेलो होतो. बाभळ होती. वर शेंड्याजवळ आमच्या तराफ्याचा दोर घासल्याचा वळ दिसत होता. खाली सपाट, भेगाळलेला गाळ. भिंत नाही, चौथरा नाही, जिग अडकेल असं काही म्हणजे काही नाही. जिगही नाही. मला आजही याचा उलगडा झालेला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही.

पण मला खातंय ते हे नाही.

मागच्या महिन्यात सुमनवहिनींनी बोअरची मोटार बघायला बोलावलं. मी त्या घरात काम करून हातात काही घेत नाही, त्यांना वाटतं मी मोठ्या मनाचा माणूस. चहा घेताना भिंतीकडे नजर गेली. सासऱ्यांचा फोटो आहे, हार घातलेला. सदाशिवचा नाही. मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "लावला न्हाई. पोरीच्या डोक्यावरची शपथ मोडून गेलेला मानूस. पक्षपंधरवड्यात सगळ्यांचं पान वाढते, त्यांचं न्हाई वाढत." मग म्हणाल्या, "पोरगी लई आजारी पडलती ना त्या साली, भाऊजी... तवापासून तिच्याच मनात बसलंय की बापानं आपल्याला मरायला सोडलं."

मुलगी दारात उभी होती. पंधरा वर्षांची झालीये. ऐकत होती. मी चहा संपवला, मोटार चालू करून दिली आणि घरी आलो.

सदाशिव त्या दिवशी प्यायलेला नव्हता. त्याने शपथ मोडली नाही. एका शिशाच्या तुकड्यासाठी टोमणा मारून मी त्याला खाली पाठवला, आणि माझ्या हातात दोन हिसके येत असताना मी दोर कापला. हे मी इथे अनोळखी लोकांना लिहिलं. त्या मायलेकींसमोर बसून, तोंडाने सांगणं अजून बाकी आहे.