मामांचा लॅपटॉप आणि बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या

लग्न होऊन आले तेव्हापासून सासऱ्यांशी माझं बोलणं सासूबाईंमार्फतच व्हायचं. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामांना चहा हवा असला, की मी समोर उभी असले तरी ते आत्यांकडं बघून म्हणायचे, "सूनबाईला म्हणावं, च्या टाक." यात राग-रुसवा काही नव्हता. सैन्यात गाड्या चालवून ते निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. आणि मी इस्लामपूरच्या एका कॉलेजात शिकवते, त्यामुळं कोरेगावजवळच्या सासरच्या गावी माझं जाणं सुट्टीपुरतंच. मुलाशीसुद्धा त्यांचं बोलणं तसं थोडकंच. माझा नवराही सैन्यात आहे, लांब सीमेवर. रविवारी त्याला रेंज मिळाली की तो घरी व्हिडिओ कॉल करतो. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईलवर लेकाचं तोंड त्यांना एवढंसं दिसायचं, म्हणून नवऱ्यानं आपला कॉलेजातला जुना लॅपटॉप त्यांना देऊन टाकला होता.

एका शुक्रवारी कॉलेजातून घरी येते न येते तोच आत्यांचा फोन आला.

"आगं, यांचा ल्यापटाप रुसलाय. आधी अपडेट करा म्हणतोय, त्याबिगर कॉल लागत न्हाई. आणि अपडेट तर व्हईत न्हाई."

मागून मामांचा आवाज आला, "व्हईत न्हाई न्हवं. निम्मं हुतंय आणि परत माघारी जातंय. तिला नीट सांग."

"निम्मं हुतंय आणि माघारी जातंय," आत्यांनी मला सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मला सगळं ऐकू येत होतं, पण आमची रीत आम्ही सोडली नाही.

"आत्या, एकदा बंद करून परत चालू करायला सांगा."

"केलंय म्हणावं. लय येळा केलंय."

"मग पडद्यावर शेवटी काय लिहून येतंय, तेवढं वाचायला सांगा."

मामांनी घसा साफ केला आणि सैन्यात वायरलेसवर सांगतात तसं एकेक अक्षर सुटं करून वाचायला लागले. "झिरो. एक्स-रे. एट. झिरो."

"एक्स-रे काढा म्हणतोय," आत्या घाबऱ्या झाल्या. "कुणाचा गं?"

वायरलेसवर 'एक्स' या अक्षराला 'एक्स-रे' म्हणतात. मला हसू आवरेना. पलीकडंही कुणीतरी खोकल्यासारखं केलं, आणि मला वाटतं तेही हसूच होतं. तो आकडा पुरता लिहून घेऊन मी शोधून पाहिला. अर्थ साधा निघाला: लॅपटॉपमध्ये जागाच उरली नव्हती. नवं अपडेट आत यायचं, पसरायला जागा शोधायचं आणि मिळाली नाही की आल्या पावली परत जायचं. काहीतरी पुसावं लागेल, असं मी सांगितलं. मग मामा म्हणाले, "सूनबाईला म्हणावं, तूच ये."

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मी एसटीनं निघाले, ते अंधार पडता पडता घरी पोचले. रविवारी सकाळी मामांनी लॅपटॉप ओसरीवर टेबलावर आणून ठेवला. आत्या शेजारी वाघ्या घेवडा निवडत बसल्या. लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, त्यामुळं वायर लावलेली असली तरच तो चालायचा. आधी मी कचऱ्याच्या फाइली साफ केल्या, पण त्यानं फारसं काही झालं नाही. मग जागा कशानं खाल्ली आहे ते बघितलं आणि थक्क झाले. कुस्त्या! आसपासच्या जत्रांतली, गावोगावची कुस्तीची मैदानं. जे दिसेल ते मामांनी उतरवून ठेवलेलं.

"मामा, पेनड्राइव्हवर घेऊ या का?" मी विचारलं. विचारून झाल्यावर लक्षात आलं, की मी थेट त्यांच्याशीच बोलले.

त्यांनी आत जाऊन एक पेनड्राइव्ह आणला. तो लावला तर तोही कुस्त्यांनी भरलेला.

"तुमच्या लेकाचा फोन आज संध्याकाळी यायचाय," मी म्हटलं. "दुसरं काही आणायचं तर साताऱ्याला जावं लागेल. यातल्याच काही काढाव्या लागतील."

त्यांनी आत्यांकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? मला त्यातलं काय कळतंय? तिच्याशी बोला की."

मामा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. थोडा विचार करून म्हणाले, "बरोबरीत सुटल्याल्या काढ. निकाल न्हाई तिथं बघायचं काय?"

पण बरोबरीत सुटलेली कुठली, हे कळायला कुस्ती लावूनच बघावी लागत होती. पहिली लावली. दोन्ही पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते उभे. मी पुसायला गेले, तसे मामा म्हणाले, "थांब जरा. त्या उजव्याचा पाय बघ. पाय पुढं आला की दुसरा पट काढणार. मंजी काय, पाय धरून उचलणार. त्यो देतोय का पाय? न्हाई देत. आता बोल, हिला वाईट कुस्ती म्हणायची?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

असं करत करत निम्मी सकाळ गेली आणि एकही कुस्ती पुसून झाली नाही. पण मामा बोलत होते. सैन्यात भरती झाले तेव्हा पलटणीच्या संघातून तेही लढायचे, हे मला पहिल्यांदाच कळलं. गुडघा दुखावला आणि कुस्ती सुटली, म्हणून ते गाड्यांकडं वळले. एरवी चार शब्दांत संपणारा माणूस हाताचा पंजा माझ्या मनगटावर ठेवून पकड कशी घ्यायची ते दाखवत होता. आत्यांनी घेवडा निवडायचा थांबवला होता.

"मला न्हाई कधी दावलं ते," त्या म्हणाल्या.

"तू कधी इचारलंस?"

शेवटी वाट सापडली. तीच ती कुस्ती वेगवेगळ्या नावांनी त्यांनी कितीदा तरी उतरवली होती. आवडलेली कुस्ती परत दिसली की परत घ्यायची, असं चाललेलं. त्या जास्तीच्या प्रती काढायला मामा तयार झाले, मात्र प्रत्येक वेळी "मूळची हाय न्हवं?" असं विचारूनच. जेवणाच्या वेळेला पुरेशी जागा झाली. मी मोबाईलचं इंटरनेट जोडून अपडेट सुरू केलं आणि आम्ही जेवायला बसलो.

जेवून ओसरीवर आलो तर पडदा काळा.

"परत माघारी?" मामांचा चेहरा पडला.

मी वायर तपासली. बटण चालू, पण वरचा पंखाही बंद. वीज गेली म्हणावं तर शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. तेवढ्यात परसातनं आत्या आल्या. मेन स्विच त्यांनीच बंद केला होता. मागं एकदा फ्रीज जळाला होता, तेव्हापासून दुपारी परड्यात कामाला जाताना घरातली वीज बंद करून जायची त्यांना सवय लागलेली.

"रोजच करता?" मी विचारलं.

"रोजच की. काय झालं?"

मामांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. म्हणजे नुसती जागा करून भागणार नव्हतं. मामांनी दुपारी अपडेट लावलं, की मध्येच त्याची वीज जाणारच. मला वाटलं, आता मामा आत्यांवर उखडणार. पण त्यांनी मेन स्विच चालू केला, खुर्ची उचलली, नेऊन त्याच्याखाली मांडली आणि तिच्यावर बसले. "लाव गं पोरी परत," मला म्हणाले. आत्यांना म्हणाले, "आता ह्याला कोण हात लावतंय बघतो."

लॅपटॉप चालू झाला आणि बिघडलेलं काही दिसेना, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. अपडेट लावलं. आकडा सावकाश चढत होता. मी बसल्या जागेवरून तो ओरडून सांगायचे, मामा तिकडनं "बरं" म्हणायचे. निम्म्यावर येऊन अडकला तेव्हा आत्यांनी देवापुढं अगरबत्ती लावली. मग तो पुढं सरकला, पडदा दोनदा गेला, दोनदा आला आणि शेवटी नव्या रंगाचा होऊन उघडला.

"माझ्या कुस्त्या?" मामांनी पहिलं तेच विचारलं. त्या होत्या.

संध्याकाळी नवऱ्याचा कॉल लागला. आम्ही तिघं एका चौकटीत मावावं म्हणून दाटीनं बसलो होतो. एरवी मामा "बरा हायस न्हवं" म्हणून उठायचे. त्या दिवशी उठले नाहीत. दिवसभराचं सगळं त्यांनी लेकाला सांगितलं, एक्स-रेसकट. तिकडं तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. फोन ठेवताना वडिलांबद्दल मला म्हणाला, "आबा एवढं बोलत्यात?"

त्यानंतर मामा मला थेट फोन करायला लागले. कारण बहुतेक वेळा लॅपटॉपचं असायचं, कधी कधी नसायचंही. यंदा इस्लामपूरजवळच्या एका जत्रेत मैदान होतं, त्यासाठी आत्यांना घेऊन ते माझ्याकडं मुक्कामाला आले. मुलींच्याही कुस्त्या होत्या. हलगी कडाडत होती, बायका फार नव्हत्या, आणि मामा मला आणि आत्यांना पुढं काढत थेट आखाड्याच्या कडेला घेऊन गेले. लाल कपड्यातली एक मुलगी मातीत उतरली, तसे ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हिच्या पायाकडं बघ."