वेल्डिंग केलेल्या फाटकापाशी निमगडेबाई

सुलोचनाबाई निमगडे यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या बँकेच्या वरोरा शाखेत. मी वसुली विभागात नवाच कारकून म्हणून लागलो होतो. एका कर्जदाराला पाठवायची नोटीस टाइप करून मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि विचारले, "शब्बीर, हे तुह्या आईले वाचून दाखवलं तर समजन का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग कायद्याचं आहे तसं ठेव, आन् खाली साध्या भाषेत लिही. ज्याचं घर जाऊन राह्यलं, त्याले तरी समजू दे."

त्यांच्या एकसष्टीच्या गौरव अंकासाठी लिहावे असे सत्कार समितीने कळवले, तेव्हा मी आधी नकार दिला. मला लिहिण्याची सवय नाही. शिवाय यंदा माझे मोठे भाऊ युसुफभाई वारले आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाही. पण भावाबद्दल बोलायचे तर बाईंबद्दल बोलावेच लागते, म्हणून लिहीत आहे.

गहाण घरांचा ताबा घेणे हे बाईंचे काम. अशा अधिकाऱ्याचा सत्कार सहसा कोणी करत नाही. बाईंनी ते काम वर्षानुवर्षे केले आणि त्यात कधी कुचराई केली नाही, हेही इथे सांगायला हवे. पोंभुर्ण्याला एका मासेमार कुटुंबाचे घर गहाण होते. घरचे सगळे तलावावर गेलेले असताना दाराला नोटीस चिकटवून परतणे सोपे होते. बाई ओट्यावर बसून राहिल्या. माणसे ओली जाळी घेऊन आली, हातपाय धुऊन झाले, मग त्यांनी विषय काढला. घर शेवटी बँकेने घेतलेच. पण त्या घरातल्या म्हातारीने मला नंतर बाजारात ओळखले आणि बाईंची खुशाली विचारली.

आम्हा नव्या लोकांना त्या सांगत, "कोर्टानं एखाद्याले नादार, म्हंजे दिवाळखोर, ठरवलं तरी गहाणाचा हक्क मरत नाई. तो हक्क घराले चिकटलेला असते. बाकीचे घेणेकरी रांगेत उभे राहतात, गहाणवाला रांगेच्या बाहेर असते. पन त्याचा हात फक्त गहाण वस्तूवरच. तिच्यापुढे एक इंचही नाई." हे शेवटचे वाक्य आम्ही तेव्हा फार मनावर घेतले नव्हते.

युसुफभाई घुग्घुसला ट्रकच्या बॉड्या बनवत. कोळशाचे, सिमेंटचे कितीतरी ट्रक त्यांच्या हाताखालून गेले. पुढे कंपन्यांचे तयार बॉडीचे ट्रक येऊ लागले आणि त्यांचे काम बसत गेले. घर आणि त्याला लागून असलेली शेड आमच्याच बँकेकडे गहाण होती. हप्ते थकले तेव्हा भाईंनी कोर्टात नादारीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. गावातल्या लोकांनी त्यांना सांगितले होते की आता घराला कोणी हात लावू शकत नाही. बाईंनी त्यांना शाखेत बोलावून तसे नसल्याचे समजावले होते. मीही सांगितले. भाईंना दोघांचेही पटले नाही.

ते प्रकरण बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतले होते. ताब्याचा दिवस ठरला तेव्हा मला म्हणाल्या, "तू सुट्टी टाक. बँकेसंगं येऊ नको. भाऊ म्हणून जा."

मी आदल्या संध्याकाळी गेलो. सकाळी उठून पाहतो तर भाईंनी लोखंडी फाटक आतून वेल्डिंग करून बंद केले होते. कडीला नाही, वरपासून खालपर्यंत दोन्ही पल्ले एकमेकांना जोडून टाकले होते. आत भाई, भाभी आणि मी. बाहेर बाई, पोलीस आणि कॉलनीतली निम्मी माणसे.

बाईंनी पोलिसांना झाडाखाली बसायला सांगितले आणि एकट्या फाटकापाशी आल्या. मला पाहून म्हणाल्या, "शब्बीर, तूही अंदर? उद्या ड्युटीवर कुठून निघशीन बाबा?"

भाई हसले नाहीत. "बाई, मी नादार हाव. कोर्टानं लिहून देल्लं. आता काऊन आल्या तुम्ही?"

"युसुफभाऊ, कोर्टानं तुमचे बाकीचे घेणेकरी थांबवले. घर गहाण आहे. ते त्याच्यात येत नाई. मी आधीच सांगतलं होतं."

"मंग कोर्टाचा मले फायदा काय झाला?"

बाईंनी मागे वळून पाहिले. भाईंना लोखंड उधार देणारा व्यापारी टेम्पो आणि दोन हमाल घेऊन उभा होता. घर बँकेला जाणार, म्हणून शेडमधली वेल्डिंग मशीन, कटर, ड्रिल उचलून न्यायला तो आला होता. त्या वस्तू गेल्या असत्या तर भाईंच्या हातात काहीच उरले नसते. भाभी सकाळपासून त्या टेम्पोकडेच पाहत होत्या.

"शेठ, टेम्पो परत न्या," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. "जमीन, भिंती, पत्रे बँकेचे. हत्यारं कारागिराची आहेत. ती बँक नेऊ शकत नाई, तुम्हीही नाई. तुमचं जे आहे ते कोर्टात सांगा."

"बाई, तुम्ही बँकेच्या हाव का याच्या?"

"बँकेची हाव, म्हणूनच बँकेचं कुठी संपते ते मले माहीत आहे."

टेम्पो गेला. मग त्या भाईंकडे वळल्या. "हा तुमचा फायदा. आता गेट उघडा. आमचा मानूस कापन तर वाकडं कापन."

भाईंनी फाटकाच्या जोडावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "पक्की वेल्डिंग केली बाई. कापाले जीव होत नाई." पण ग्राइंडर त्यांनी स्वतःच लावला. सामान निघेपर्यंत बाई उन्हात उभ्या होत्या. शेवटचा कटर आमच्या हातगाडीवर चढल्यानंतरच त्यांनी कुलूप लावले.

घर लिलावात गेले. आज तिथे दुसरे लोक राहतात. मी त्या रस्त्याने जाणे टाळतो. भाईंनी भाड्याच्या जागेत शेवटपर्यंत काम केले, ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवल्या, कोणाच्या दारात गेले नाहीत. ते गेले तेव्हा बाई आल्या. भाभींजवळ बसल्या. ताब्याच्या दिवसापासून भाभी बाईंशी बोललेल्याच नव्हत्या.

हा लेख मी भाभींना वाचून दाखवला. घर गेले हे लिहिले का, एवढेच त्यांनी विचारले. लिहिले, म्हणालो. मग म्हणाल्या, "बाईले सांग, आता रिटायर झाल्या. कागद न घेता एक दिवस जेवाले या."

बाईंना दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचे दुखरे गुडघे बरे राहोत, आणि पुढची सारी वर्षे त्यांना लोकांच्या घरी पाहुणी म्हणून जाता येवो. घुग्घुसला आमच्या भाभी वाट पाहत आहेत.