पऱ्हाट्यांत लपवलेली पुडी

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या दोन सारख्या पुड्या दिल्या. एक बायकोची, एक माझी. "सात दिवस दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर एकाचं दुसऱ्याला लागून दुखणं परत येईल," त्यांनी बजावलं. मी मान डोलावली. मास्तर माणूस, मान डोलावण्यात पटाईत.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावापासून थोडं आत आमचं गाव, तिथल्याच शाळेत मी शिकवायचो. बायकोच्या अंगावरून पांढरं जायचं. कापूस वेचताना ओटीपोट धरून ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायची. वर्षभर तिनं दुखणं अंगावर काढलं. तिच्या चिंध्या लुगड्याखाली वाळत असायच्या, त्या मला दिसायच्या आणि मी नजर वळवायचो. शेवटी वहिनीनंच मला सुनावलं, "भाऊजी, तिले वर्ध्याले दाखवा. नाईतर एखाद दिवशी वावरातच पडन ते."

दाखवलं. पण माझी पुडी मी घेतलीच नाही. दुखणं तिचं, गोळ्या मी कशाला गिळू? कोणी विचारलं तर सांगू काय? घरामागे चुलीसाठी पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग होता, त्यात ती खुपसली. वर्गात मुलांना आरोग्याचे धडे देणारा मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दोन महिन्यांत तिचं दुखणं परत आलं. "इचंच काईतरी खराब हाय," आई म्हणाली. मी त्यावरही मान डोलावली. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

पुन्हा वर्धा. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?"

"घेतल्या," मी म्हणालो.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "घेतल्या जी त्याईनं."

मग त्या तिलाच बोलल्या. तूच चुकवल्या असशील, स्वच्छता पाळत नसशील. ती सगळं ऐकून घेत राहिली. मी शेजारी बसून होतो, हातात तिची पिशवी धरून.

एसटी स्टँडवर ती हळूच म्हणाली, "पुडी पऱ्हाट्याईत सापडली मले."

चूल तीच पेटवायची, पऱ्हाट्या तीच ओढायची. इतकंही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग खोटं काऊन बोलली?" माझ्या तोंडून निघालं.

"तेथं चार बाया बसल्या होत्या. मास्तर लबाड हाय म्हून सांगू का त्याईले?" तिनं पिशवीतून आज मिळालेली माझी नवी पुडी काढली आणि नळावरून तांब्या भरून आणला. "आता माह्यासमोर घ्या."

गोळी हातात घेऊन मी आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी ओळखीचं तर नाही ना. मग तोंडात टाकली. ती माझ्या गळ्याकडे बघत उभी होती, गिळली की नाही ते पाहत.