विषाचा जोर

पुणतांब्यात आमच्या अंगणवाडीच्या खोलीत फवारणीच्या औषधाचा डबा फुटला. भिंती, दार सगळं भिजलं. पोरं चिंचेखाली बसू लागली. गाव म्हणालं, खोली पाडा.

तपासणीला आलेल्या अकोल्याकडच्या बाईचं नाव मी विचारलंच नाही. आजाऱ्याचं अंग पुसावं तसा ती कापसाचा बोळा भिंतीवर फिरवायची.

“ताई, चुन्यावर या विषाचा जोर लवकर मोडतो,” ती म्हणाली. “लाकूड मात्र त्याला लई दिवस धरून ठेवतं. दार काढाच.”

दार काढलं, भिंती धुऊन चुना दिला. तिसऱ्या तपासणीचा कागद घेऊन ती रस्त्यावरूनच ओरडली, “काही न्हाई निघालं! पोरं आणा!”

पोरं आरडाओरडा करत आत घुसली. पाडा म्हणणारेच पेढे वाटत होते. एवढ्या जिवांचं छप्पर राखणारी ती, घाईघाईनं एसटीकडे निघाली होती.